आईचे दूध आणि नर्सबाईचा शब्द

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही बोलायला उभ्या आहोत त्या काही मोठ्या डॉक्टर नाही. आमच्यापैकी काहीजणींची नोकरी सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर झाली, काहीजणींची सांगली जिल्ह्यात. सरकारी कागदावर आम्ही आरोग्यसेविका. गावात मात्र सगळ्यांनी आम्हाला ‘नर्सबाई’ म्हटलं. मैदानी भागात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी भागात तीन हजाराला एक, असा सरकारचा हिशेब. तेवढ्या वस्तीतली लसटोचणी, बाळंतपणं, गरोदर बायांची तपासणी, सगळं त्या एका नर्सबाईकडं. आता आम्ही सेवानिवृत्त आहोत. समितीने सांगितले, “आरोग्यावर चार शब्द बोला.” आरोग्य हा विषय मोठा. म्हणून आम्ही त्यातली एकच गोष्ट घेतली. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध मिळावे, आणि ते मिळावे म्हणून बाळंतिणीशेजारी बसून तिचे ऐकणारे, तिला नीट सांगणारे माणूस असावे.

विषय घरगुती वाटेल. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना आठवून बघा. मुलं किती, असं विचारलं की त्या दोन आकडे सांगायच्या. किती झाली, आणि किती जगली. माता रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. लहानग्याचं जाणं आपल्या समाजाला परकं नव्हतं. आज ते दोन आकडे जवळ आले आहेत. लस आली, दवाखाने आले, नळाचं पाणी आलं, शिक्षण आलं. तरीही जुलाब आणि न्यूमोनिया हे तान्ह्या बाळाचे दोन वैरी अजून दारात उभे असतात. त्यांच्या विरुद्ध आईचं दूध हे पहिलं औषध आहे, आणि ते विकत घ्यावं लागत नाही.

आता ‘फक्त’ म्हणजे काय ते सांगतो. फक्त म्हणजे पाणीसुद्धा नाही. मध नाही, साखरेचं पाणी नाही, गाई-म्हशीचं दूध नाही, घुटी नाही, डाळीचं पाणी नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध, जीवनसत्त्वाचे थेंब किंवा जुलाब झाल्यावर सांगितलेलं क्षारांचं पाणी तेवढं चालतं. सहा महिने पुरे झाले की वरचा मऊ आहार सुरू करायचा आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं. इथे बसलेल्या काही सासूबाई म्हणतील, “आमच्या वेळेला नर्सबाई चार महिने सांगायच्या.” बरोबर आहे. तेव्हा चार ते सहा महिने असा सल्ला होता. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने हा काळ ठरवला, कारण तेवढे दिवस निव्वळ आईच्या दुधावर बाळ चांगले वाढते आणि जुलाब कमी होतात, असे अभ्यासातून दिसून आले होते.

मग आता अडतं कुठं ? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. महाराष्ट्रात शंभरातली ९४ हून अधिक बाळंतपणं दवाखान्यात झाली. ही मोठीच गोष्ट. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली मुलं निम्म्याहून थोडीच अधिक. सहा महिन्यांच्या आतल्या मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली शंभरात सुमारे ७१. चार-पाच वर्षं आधीच्या पाहणीत ती ५७ च्या आसपास होती, म्हणजे सुधारणा आहे. पण पहिला तास अजून हातातून निसटतो आहे. बाईला दवाखान्याची खाट मिळाली, शेजारी बसणारं माणूस मात्र दर वेळी मिळालं नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

सरकारी भाषेत या कामाला ‘समुपदेशन’ म्हणतात. शब्द जड आहे, काम साधं आहे. आधी ऐकायचं, मग डोळ्यांनी बघायचं, मग सांगायचं. आणि सांगायचं ते एका वेळी एक किंवा दोन गोष्टी. दहा गोष्टींचं भाषण बाळंतिणीच्या डोक्यात राहत नाही. “दूध येतंय का ?” असं विचारलं की नव्वद टक्के बाया भीतीनं “नाही” म्हणतात. तेच “काल रात्रीत किती वेळा घेतलंस गं बाळाला ?” असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते.

हे काम बाळ जन्मायच्या आधीच सुरू होतं. सातव्या-आठव्या महिन्यात गरोदर बाई तपासणीला येते तेव्हा तिच्याबरोबर सासू किंवा आई असते. आम्ही दोघींनाही बसवून घ्यायचो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिथं आईचा शब्द चालतो. पुढच्या वेळी सासूचा. सुनेला एकटीला शिकवून घरी पाठवलं आणि घरी मधाची बाटली तयार असली, तर त्या पोरीनं कुणाकुणाशी भांडायचं ? म्हणून चिकाच्या दुधाची गोष्ट आम्ही थोरल्या बाईलाच विचारायचो. “मावशी, म्हैस व्याली की पहिलं दूध रेडकाला पाजता का नाही ?” “पाजतो की, त्याबिगर ते उभं कसं ऱ्हाईल ?” “मग नातवाचं तेवढं पिळून टाकून द्यायचं होय ?” मावशी हसायच्या, पण गोष्ट पटायची. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते पिवळसर घट्ट दूध थोडंच असतं. पण एका वेळेला चमचा-दोन चमचे एवढंच त्या दिवशी बाळाला लागतं. रोगाशी लढण्याची ताकद त्यातून मिळते. ती बाळाची पहिली लसच समजा.

मग येतो पहिला तास. बाळ रडलं, श्वास चांगला आहे, की पुसून कोरडं करून तसंच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना पांघरूण घालायचं. बाळ आपण होऊन तोंड उघडून शोधायला लागतं. सिझेरियन झालं तरी आई शुद्धीवर असेल तर नर्सच्या मदतीनं हे लवकर होऊ शकतं. या वेळी बाळाला नेऊन नातेवाइकांना दाखवण्याची घाई करू नये. बाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी तासभर धीर धरावा.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत. दवाखान्यातून सुट्टी झालेली असते, दूध भरून येऊन छाती दुखते, बाळ रात्री रडतं आणि घरातलं प्रत्येक माणूस सल्ला देतं. माण तालुक्यातल्या एका वाडीतली गोष्ट सांगतो. बाळंतीण चौथ्या दिवसाची. आम्ही दारात गेलो तर सासू म्हणाली, “बाई, हिच्या अंगाला दूधच न्हाई. पोरगं रातभर रडतंय. डबा आणायला धाडलंय त्याला.” आम्ही म्हटलं, “आणू द्या मावशी, डबा कुठं पळून जात नाही. आधी बाळाला घेऊन दाखवा बघू.” बघितलं तर बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं. टोकाला चिरा पडलेल्या. त्या दुखण्यानं पोरगी बाळाला दोन मिनिटांत काढून घेत होती. तिला भिंतीला पाठ टेकून बसवलं, मांडीवर वाकळेची घडी ठेवली. बाळाचं डोकं, पाठ, कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला. बाळानं मोठा आ केला की त्याला छातीकडं आणायचं, आपण वाकून त्याच्याकडं जायचं नाही. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, गाल फुगीर दिसले, टोकाभोवतालचा काळा भाग बराचसा तोंडात गेला. दोन-चार वेळा ओढून झाल्यावर घोट गिळल्याचा आवाज सासूलाही ऐकू आला. ती म्हणाली, “अगं बया, हाय की !” डबा आला तो न फोडता दुकानात परत गेला. त्या दिवशी आम्ही ना औषध दिलं ना इंजेक्शन, नुसता तासभर बसलो होतो.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ओळखू नका. बाळ गरमीनं रडतं, ओल्या दुपट्यात रडतं, जवळ घ्यावं म्हणूनही रडतं. पहिला आठवडा सरल्यावर रात्रंदिवस मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर पोटात दूध जातंय हे समजा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं घटतं, त्याची धास्ती नको. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं, रात्रीचं तर चुकवूच नये. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला विहिरीचा पाझर समजावून सांगावा लागत नाही. उपसा होईल तसं पाणी येतं. तसंच बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. एक वाटी वरचं दूध पाजलं की बाळ तेवढं कमी ओढतं, मग दूध खरोखरच आटत जातं, आणि घरातले म्हणतात, “बघा, आम्ही म्हटलं नव्हतं ?”

हे आम्ही आमच्याच कामाचं कौतुक करतो असं कुणाला वाटेल, म्हणून बाहेरचा दाखला देतो. हरियाणातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला. तिथल्या सुईणी, अंगणवाडी सेविका आणि नर्सबाई यांनाच शिकवून तयार केलं, आणि जिथं जिथं आई भेटेल तिथं त्यांनी तिच्याशी बोलायचं ठरलं. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांच्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेली मुलं या गावांत शंभरात ७९, तर जिथं असं काम झालं नाही तिथं ४८. जुलाबही कमी झाले. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची रीत घालून दिली. तिचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले. पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी ठरल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आशाताई दारात आली की तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. हा बाळाचा हक्क आहे.

आता घरातल्या काही सवयींबद्दल. बाळगुटी ही आजीच्या मायेची गोष्ट. वेखंड, मुरडशेंग, सुंठ, हळकुंड सहाणेवर उगाळून द्यायची. माया खरी, पण सहाण, पाणी आणि बोट यांच्याबरोबर जंतूही पोटात जातात. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून तान्ह्या बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. उन्हाळ्यात जत, आटपाडी, माण भागात घरोघरी म्हणतात, “एवढ्या तापात लेकराला पाणी न्हाई ?” आईच्या दुधात शंभरातला ८७-८८ भाग पाणीच असतं. तहान लागलेल्या बाळाला जास्त वेळा पाजा, आणि पाणी आईला प्यायला द्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जमतील तर जरूर द्या. नाही जमले तर रोजची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे भरपूर द्या. बाळंतिणीचं अन्न कमी करून, कोंडून ठेवून दूध वाढत नाही.

डब्याच्या दुधाविषयीही बोललं पाहिजे. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये कडक केला गेला. दोन वर्षांखालील मुलांच्या डब्याच्या दुधाची, बाटलीची, बालान्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने द्यायचे नाहीत, दुधाच्या डब्यावर गोंडस बाळाचं चित्र छापायचं नाही. आईचं दूध सर्वांत उत्तम, असं डब्यावरच लिहावं लागतं. एवढा कायदा का लागला ? गरीब घरात डबा महिनाभर पुरावा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त असं होतं. बाटलीचं बूच नीट उकळलं जात नाही. पैसाही जातो आणि बाळही जुलाबानं झिजतं. काही थोड्या मातांच्या बाबतीत दुसरं दूध खरोखरच लागतं. ते डॉक्टरांनी तपासून ठरवावं, आणि मग वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजावं. अशा आईला कुणी टोमणे मारू नयेत. तिचा त्यात काही गुन्हा नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. सांगली जिल्ह्यात १९९० च्या दशकात एचआयव्हीचा मोठा फैलाव झाला होता. त्या काळापासून एक भीती घर करून आहे, की अशा आईनं पाजूच नये. आज आईला गोळ्या नियमित चालू असल्या आणि बाळाला सांगितलेलं औषध दिलं, तर आपल्या देशातल्या सल्ल्याप्रमाणे तीही पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजू शकते. धोका वाढतो तो थोडं अंगावरचं, थोडं वरचं असं मिसळून दिल्यानं. निर्णय आईनं डॉक्टरांशी बोलून घ्यावा, शेजाऱ्यांच्या कुजबुजीवरून नव्हे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आमच्या शब्दाला वेळेची जोड नसेल तर तो शब्द हवेत जातो. दिवाळीच्या सुमारास कराड, वाळवा भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. काही बीड-अहिल्यानगरकडून, काही आपल्याच जत, आटपाडीच्या कोरड्या भागातून. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळं बाळंतीणही महिन्या-दीड महिन्यात फडात. पहाटे निघायचं, बाळ कोपीत झोळीत, सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. ते पोरगं रडलं की ती बिस्कीट पाण्यात भिजवून चारणार. त्या आईला “सहा महिने फक्त अंगावर पाज” असं सांगणं सोपं आहे. ते ती करणार कसं? आम्ही मग मुकादमाशी बोलायचो. बाळाला फडाच्या बांधावर सावलीत आणू द्या, आईला दोन-तीन वेळा बसू द्या. जिथं ते जमत नसे तिथं हात धुऊन, स्वच्छ झाकणाच्या वाटीत दूध काढून ठेवायला शिकवायचो. साध्या हवेत, सावलीत ठेवलेलं ते दूध चार तासांच्या आत चमच्यानं पाजता येतं. आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या, हळदीच्या गोदामात जाणाऱ्या, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलींनाही हाच मार्ग आहे.

बाबासाहेबांची दृष्टी इथं कामाला येते. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूति-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलं. पुढल्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला, आणि २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिनेच ! पण ही रजा नोंद असलेल्या आस्थापनांतल्या बाईला. कोयता, खुरपं आणि झाडू हातात असलेल्या बाईला पगारी रजा कुठली ? २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. बुडालेल्या मजुरीपुढं ते थोडे आहेत, तरी अर्ज जरूर भरा. आणि ज्या आईला कायद्यानं रजा दिली नाही, तिला ती घरानं आणि वस्तीनं दिली पाहिजे.

म्हणून जाताना काही मागणं मागतो. पुरुष मंडळींनो, पहिले सहा महिने पाणी भरणं, थोरल्या मुलाला सांभाळणं, रात्री बाळाची ढेकर काढणं तुमच्याकडं घ्या. सासूबाईंनो, “दूध पुरत नाही” हे वाक्य बाळंतिणीसमोर बोलू नका; काळजीनं पान्हा अडतो, धीरानं मोकळा होतो. गल्लीत नवी बाळंतीण आली की महिला मंडळाच्या दोघींनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्याकडं जावं आणि आशाताई येऊन गेली का ते विचारावं. बाळ ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, लघवी कमी झाली असेल, किंवा आईच्या छातीत गाठ येऊन ताप भरला असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. आणि विहार समितीला विनंती, की हॉलच्या एका कोपऱ्याला पडदा लावून दोन खुर्च्या ठेवाव्यात. तान्हं लेकरू घेऊन आलेल्या आईला वंदना अर्धी सोडून घरी पळावं लागू नये.

नर्सबाईचा शब्द आईच्या कानापर्यंत पोहोचवणं आमच्या हाती होतं. तो सहा महिने टिकवणं घराच्या हाती आहे.